‘लावा आणि विसरा’ म्हणे!

खोड धरून माणसाएवढ्या वाढणाऱ्या कोरफडींच्या लालभडक तुऱ्यांचे फोटो फिरतात आणि खाली ठरलेला मजकूर असतो: ‘लावा आणि विसरा. पाणी नको. ऊन कितीही चालतं. वाळकी पानं सोलून काढा. फुलली की मरते, म्हणून तुरा दिसताच कापा.’

पाणी नको? कोरफडीची रंध्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात, त्यामुळे ती कडक उन्हाळाही निभावते. पण तग धरणं वेगळं आणि फुलणं वेगळं. दक्षिण आफ्रिकेतली मार्लोथी ही कोरफड उन्हाळी पावसावर वाढते, तर क्विव्हर ट्री ही झाडासारखी वाढणारी तिची नातलग मुख्यतः हिवाळी पावसावर. पाऊस दोघींनाही लागतोच. तहानलेल्या पानाच्या कडा आत वळतात, पान पन्हाळीसारखं दिसतं आणि चिमटीत मऊ लागतं. तेव्हा संध्याकाळी आळं भरून पाणी द्यायचं आणि माती खोलवर सुकेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. खरी वाट लागते ती रोजच्या तांब्याभर पाण्याने. पानाचं बूड पिवळट, काचेसारखं होतं आणि जरा ओढलं की पान हातात येतं. एवढ्यावर आलेलं झाड माझ्याच्याने क्वचितच वाचलंय.

ऊन मोठ्या झाडाला चालतं, पण जाळीखाली वाढलेलं रोप थेट उन्हात ठेवलं की पश्चिमेकडच्या पानांवर पांढुरके चट्टे उठतात आणि ते कधी भरून येत नाहीत. मी कुंडीवर खडूने उन्हाकडची बाजू खुणावते आणि लावताना तीच बाजू उन्हाकडे ठेवते. पहिल्या उन्हाळ्यात दुपारपुरती सावलीही करते. नुसती लाली आली तर मात्र घाबरू नका; पाणी मिळालं की ती बहुधा उतरते.

वाळक्या पानांचं म्हणाल, तर रानातल्या फेरॉक्स या कोरफडीला खोडाभोवतीचा हा झगा वणव्यापासून वाचवतो. बागेत तो ठेवायचा की काढायचा, हा आवडीचा प्रश्न.

आणि मरते ती घायपात! तिचा दांडा थेट शेंड्यातून निघतो, त्यामुळे वाढीचा कोंबच संपतो. फेरॉक्स, मार्लोथीचा दांडा पानांच्या बगलेतून येतो, शेंडा शाबूत राहतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तुरा येतो. बियांपासून वाढवलेलं झाड फुलायला काही वर्षं जातात. एवढी वाट पाहून तो तुरा कळीतच छाटायचा? नळीसारख्या त्या फुलांतल्या मधावर शिंजीर येतात. दांडा कापायचाच असेल, तर वाळून खडखडीत झाल्यावर कापा.