'वाचते आहे' आणि 'वाचले' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सध्या कोणती पुस्तके वाचते आहे, हे मी दर महिन्याला लिहिते. या वेळच्या टिपणावर आपण जी प्रतिक्रिया दिली, तिला लगेच उत्तर द्यायचे नाही असे ठरवून मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशीही ती डोक्यातून गेली नाही, म्हणून लिहिते आहे. इतरांच्या सोयीसाठी आपले म्हणणे आधी आपल्याच शब्दांत देते : "दर महिन्याला पाच-सहा पुस्तकांची नावे द्यायची आणि त्यांतले एकही पूर्ण केलेले नसते. जे वाचून झालेले नाही, त्याचा उल्लेख करणे हे वाचन नव्हे, वाचनाचे प्रदर्शन आहे. तो चरित्रग्रंथ चार महिने यादीत आहे. हलकेफुलके पुस्तक एकही का नसते? अनुवादित कादंबरीच्या अनुवादकाचे नाव द्यायलाही सवड झालेली दिसत नाही. खऱ्या वाचकाला सांगावे लागत नाही."

अनुवादकाच्या नावाबाबत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ज्याच्या भाषेतून आपण चारशे पाने चालत जातो त्याचे नाव न घेणे ही साधी चूक नव्हे, कृतघ्नता आहे. ती मी दुरुस्त केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानते. पण चूक दाखवण्याची एक रीत असते. प्राचीन रोममधला लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या मामाची, म्हणजे थोरल्या प्लिनीची, एक आठवण पत्रात लिहून ठेवली आहे. थोरल्या प्लिनीला जेवतानाही कोणीतरी पुस्तक वाचून दाखवत असे. एकदा वाचणाऱ्याचा एक उच्चार चुकला, तेव्हा सोबत बसलेल्या मित्राने त्याला थांबवून तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. प्लिनीने मित्राला विचारले, की तुला अर्थ कळला होता ना? मित्र हो म्हणाला. मग त्याला मागे कशाला नेलेस, या अडथळ्यापायी आपल्या दहा ओळी वाया गेल्या, असे प्लिनीने त्याला सुनावले. आपली दुरुस्ती त्या मित्राच्या दुरुस्तीपेक्षा निश्चितच अधिक उपयोगी होती, एवढे मी मान्य करते. "सवड झालेली दिसत नाही" हे शब्द मात्र दुरुस्तीसाठी लागत नव्हते.

आता 'प्रदर्शन' या शब्दाकडे येते, कारण माझ्या मनाला लागला तो हाच. एखाद्याने काय केले हे सांगणारा हा शब्द नाही. त्याने ते कशासाठी केले, याचा परस्पर लावलेला निकाल त्यात आहे. माझ्या टिपणात एखादे विधान चुकले असते, तर आपण ते खोडून काढू शकला असता आणि मी त्याचा प्रतिवाद करू शकले असते. हेतूवर घेतलेल्या संशयाचा प्रतिवाद कसा करायचा? मी मिरवत नाही, असे म्हणणाऱ्या माणसाइतके मिरवताना दुसरे कोणी दिसत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असणार.

तरीही त्या वाक्याचा जो भाग तपासता येतो, तो तपासू. जे वाचून झालेले नाही त्याचा उल्लेख करू नये, असे आपले म्हणणे आहे. माझ्या प्रत्येक टिपणाचे शीर्षक 'सध्या काय वाचते आहे' असे असते. 'वाचते आहे' या रूपाला आपल्या व्याकरणात अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि अपूर्णता त्याच्या नावातच सांगितलेली आहे. 'वाचले', 'वाचून काढले', 'वाचून संपवले' ही रूपेही मला येतात. मी ती वापरली नाहीत, कारण मला ते म्हणायचे नव्हते. जे पुस्तक संपलेले नाही ते संपलेले नाही असे सांगणाऱ्या माणसावर, ते संपलेले नाही म्हणून आरोप ठेवणे, ही तर्काची कोणती शाखा आहे हे मला समजलेले नाही.

पुस्तक संपल्यावर आपण त्याच्याविषयी जे बोलतो ते आवरून ठेवलेल्या खोलीसारखे असते. सुरुवातीला वाटलेला कंटाळा शेवट आवडल्यामुळे विसरला जातो, मधल्या शंभर पानांत पडलेला गोंधळ मत पक्के झाल्यावर आठवतही नाही आणि पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर चिडलो होतो त्या पात्राला आपण नकळत माफ करून टाकलेले असते. नव्वदाव्या पानावरचा वाचक वेगळा असतो. त्याला मत नसते, शंका असतात. ज्या चरित्रग्रंथावर आपण बोट ठेवले आहे, त्याचेच उदाहरण देते. त्यात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ आहेत. मी साठेक पाने त्यांना एकच माणूस समजत होते, त्यामुळे एकाच आठवड्यात दोन गावी हजर असलेला हा गृहस्थ आणि त्याची दोन लग्ने यांची संगती मला काही केल्या लागेना. पहिल्या महिन्याच्या टिपणात मी हा गोंधळ लिहिला, तेव्हा एका वाचकाने कळवले की पुस्तकाच्या शेवटी, सूचीच्याही मागे, वंशावळ छापलेली आहे. मी ती तोपर्यंत उघडूनही पाहिली नव्हती. आता त्या पानावर कागदाची एक पट्टी कायम असते आणि चालू पानावर दुसरी. पुस्तक संपवून मगच तोंड उघडायचे असा माझा नियम असता, तर ती वंशावळ मला सापडली असती ती सगळे लोक मरून झाल्यावर.

आता थोडे स्वतःविषयी लिहिते. ते आपल्याला पुन्हा प्रदर्शन वाटेल याची मला कल्पना आहे, पण माझ्या वाचनाचा विषय आपण काढला आहे, मी नाही.

वसतिगृहात असताना मी आणि माझी खोलीसोबतीण मिळून ग्रंथालयातून एकच कादंबरी आणत असू, कारण एका वेळी दोघींच्या कार्डांवर जेवढी पुस्तके मिळत त्यांतली बहुतेक अभ्यासासाठी लागत. ती पहाटे वाचत असे, मी रात्री. पुस्तकात दोन खुणा असत : माझी वहीच्या पानाची फाडलेली चिंधी आणि तिची लोकरीचा निळा धागा. पुढचे सांगायचे नाही, एवढाच करार होता. पण रोज संध्याकाळी एकमेकींचे कुठवर आले हे विचारायचे, आणि जी मागे असेल तिने आतापर्यंतचे आपले अंदाज सांगायचे. पुढे असणारीने त्या वेळी चेहरा कोरा ठेवायचा, जे तिला कधीच जमले नाही. त्यांतली एक कादंबरी परत करायची तारीख टळून गेली. मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आमच्या तारखेचा जांभळा शिक्का जरा तिरकाच उमटलेला होता आणि त्यानंतर ते पुस्तक दुसऱ्या कोणीतरी राखून ठेवले होते. ते परत गेले तेव्हा माझी चिंधी १८८व्या पानावर होती आणि तिचा धागा २०३व्या. खुणा काढून घ्यायचेही आम्ही विसरलो. या गोष्टीला आता एकतीस वर्षे झाली. त्या कादंबरीत पुढे काय झाले असेल यावर आम्ही अजून फोनवर वाद घालतो आणि दोघींपैकी कोणीही ती मुद्दाम मिळवून पूर्ण केलेली नाही. पूर्ण वाचलेल्या किती पुस्तकांनी मला एकतीस वर्षे सोबत केली, हे मोजायला बसले तर एका हाताची बोटे पुरतील. तेव्हा अर्धवट वाचलेल्या पुस्तकावर बोलण्याचा अधिकार कोणी दिला, असे मला कृपया विचारू नये.

मोठ्या माणसांचे दाखले देण्याची मला हौस नाही, तरी एक देते. १९०४ साली गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले, तेव्हा त्यांना स्टेशनवर निरोप द्यायला आलेले त्यांचे सहकारी हेन्री पोलाक यांनी, तुम्हाला आवडेल असे सांगून, इंग्रज लेखक जॉन रस्किन यांचे 'अन टू धिस लास्ट' हे पुस्तक त्यांच्या हाती दिले. प्रवास चोवीस तासांचा होता. पुस्तक त्यांच्या हातून सुटेना, पोहोचल्यावर रात्री झोप लागली नाही आणि त्या पुस्तकाप्रमाणे आयुष्य बदलायचा निश्चय झाला. फिनिक्स आश्रम त्यातूनच उभा राहिला. पोलाक यांनी ते पुस्तक आधी पूर्ण वाचले होते, असे आपण लगेच म्हणाल. वाचले असेल. पण आपल्या वाचनातले पुस्तक दुसऱ्यापुढे करणे हे प्रदर्शन असते, तर ते फलाटावरच संपले असते. चार्ल्स डार्विन यांनीही १८३८ ते १८६० या काळात वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःपुरत्या ठेवल्या होत्या, त्यामुळे हा दाखला माझ्या बाजूने निम्माच लागू पडतो. तेवढा तो निम्मा धरावा.

चार महिन्यांचा हिशेबही आपण काढला आहे, तो पुरा करू. प्रौढ माणूस मनातल्या मनात इंग्रजी ललितेतर गद्य मिनिटाला सरासरी २३८ शब्द या वेगाने वाचतो, असे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०१९ साली मांडले. माझ्या हातातला ग्रंथ इंग्रजीच आहे, नऊशे पानांचा, म्हणजे अंदाजे तीन लाख शब्दांचा. या वेगाने तो साधारण एकवीस तासांत संपायला हवा आणि चार महिन्यांत विभागला तर रोजची जेमतेम साडेदहा मिनिटे पुरतात. ही आकडेमोड मी आपल्याला गप्प करण्यासाठी सुरू केली होती आणि ती आपल्याच बाजूने सुटली, हे मला दिसते आहे. मी पेन्सिल हातात घेऊन वाचते, मागे जाते, तळटीपा वाचते, हे खरे कारण. ते सरासरीत बसत नाही.

राहता राहिले आपले शेवटचे वाक्य. खऱ्या वाचकाला सांगावे लागत नाही. हा खरा वाचक म्हणजे नेमका कोण, आणि तो तुम्हाला कुठे भेटला? न सांगणाऱ्या वाचकाची तुम्हाला गाठ पडली असेल, तर तो वाचतो हे तुम्हाला कळले तरी कसे? वाचन ही खासगी गोष्ट आहे असे तुम्हाला म्हणायचे असेल, तर ते सरळ म्हणायचे होते, त्यावर आपले एकमत झाले असते. २००१च्या पेट्रियट कायद्यातील, म्हणजे अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यातील, २१५व्या कलमाने कोण काय वाचतो याच्या नोंदी सरकारला मागता येतील, म्हणून अमेरिकेतले ग्रंथपाल चवताळून उठले, ते योग्यच होते. वाचकाच्या नोंदी उघड करण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नाही. पण तो हक्क वाचकाला स्वतःलाही नाही, असे म्हणणारे मला तुम्ही पहिलेच भेटलात. आपल्या हातातले पुस्तक पाठ वर करून मांडीवर ठेवणारे लोक मीही पाहिले आहेत, मुखपृष्ठ दिसेल असे धरणारेही पाहिले आहेत, आणि दोघांपैकी कोण अधिक लक्ष देऊन वाचतो हे लांबून आजवर मला ओळखता आलेले नाही. तुम्हाला येत असेल तर ती विद्या मोठी आहे. (या परिच्छेदात मी 'आपण'वरून 'तुम्ही'वर उतरले, ते लक्षात आले आहे. बदलत नाही.)

हलक्याफुलक्या पुस्तकांविषयी आपण विचारले आहे, तो मुद्दा किरकोळ आहे. तरी उत्तर टाळले असे होऊ नये. माझ्या उशाशी या क्षणी एक रहस्यकथा आहे आणि तिच्यापायी काल रात्री दीड वाजेपर्यंत दिवा चालू होता. ती यादीत नाही, कारण अशी पुस्तके दोन दिवसांत संपतात आणि टिपण महिन्यातून एकदाच लिहिले जाते. हे कारण लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचून पाहिले. ते मला जितके पटायला हवे होते तितके पटलेले नाही, पण आज या मुद्द्याला मी यापेक्षा अधिक जागा देणार नाही.

अनुवादकाचे नाव टिपणात आता कादंबरीच्या नावाशेजारी, त्याच जाडीच्या अक्षरांत दिले आहे. चरित्रग्रंथ पुढच्या महिन्याच्या यादीतही असेल. दोघा चुलतभावांपैकी थोरला नुकताच वारला आणि मी ५१२व्या पानावर आहे.