बाळाला काय आठवणार, असे विचारणाऱ्यांसाठी

"एवढ्याशा लेकराला घेऊन परदेशात कशाला जायचे? त्याला त्यातले काय आठवणार आहे?" आम्ही सात महिन्यांच्या लेकीला घेऊन सिंगापूरला जाणार आहोत हे कळल्यावर घरातल्या, सोसायटीतल्या आणि कार्यालयातल्या अनेकांनी हा प्रश्न विचारला. विचारणाऱ्यांच्या मनात काळजीच होती, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

बाळाचे बारसे बाळाला आठवत नाही आणि उष्टावणही आठवत नाही. तरीही आपण दोन्ही हौसेने करतो, कारण ते प्रसंग बाळाइतकेच त्याच्या भोवतीच्या माणसांचे असतात. बाळाचे पहिले वर्ष हे आईचेही पहिले वर्ष असते. त्या वर्षात तिची झोप, तिचे जेवण, तिचे घराबाहेर पडणे हे सारे घड्याळाच्या काट्याला बांधलेले असते, आणि नवऱ्याला मिळालेली पितृत्वाची रजा बहुधा बाळ धड डोळे उघडून पाहू लागण्याआधीच संपून जाते. अशा वेळी आई, वडील आणि बाळ यांनी आठवडाभर एकमेकांच्या सतत सोबत राहणे, स्वयंपाक, पाहुणे आणि कार्यालयाचे फोन या सगळ्यांपासून दूर राहणे, ही चैन नाही असे माझे ठाम मत आहे. माझ्या नवऱ्याने लेकीला झोपवण्याची स्वतःची पद्धत सिंगापुरातच शोधली, कारण तिथे तिला घ्यायला आजी धावून येणार नव्हती.

मात्र जायचेच असेल तर बाळाचे वय आणि ठिकाण या दोन गोष्टी फार विचारपूर्वक ठरवाव्यात. माझ्या मते सहा महिने पूर्ण झाल्यापासून बाळ चालू लागेपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो. तोवर सुरुवातीच्या बऱ्याचशा लसी झालेल्या असतात, वरचे अन्न सुरू झाले तरी मुख्य आधार दुधाचाच असतो, आणि बाळाला जिथे ठेवाल तिथे ते निदान राहते. दीड वर्षाच्या मुलाला विमानात मांडीवर बसवून ठेवणे ही निराळीच परीक्षा आहे.

लसींबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती अनेक पालकांना ठाऊक नसते. आपल्याकडे गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. परदेश प्रवास करणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना हा डोस लवकर द्यावा, असा सल्ला अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था देते, आणि लवकर दिलेला हा डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरला जात नाही. तुमच्या बाळासाठी काय योग्य हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील, परंतु तिकीट काढण्याआधी त्यांच्याकडे जाऊन हा प्रश्न विचारायला हवा. प्रवासविमा घेतानाही किमान वयाची अट वाचावी, कारण काही विम्यांत अगदी लहान बाळांचा समावेशच नसतो.

कागदपत्रांचे काम वाटते तितके अवघड नाही. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, तो पाच वर्षांसाठी मिळतो, आणि अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचे संमतिपत्र द्यावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे त्यावरील नावांची अक्षरे आईवडिलांच्या पासपोर्टशी जुळतात का, हे आधीच तपासावे. चार वर्षांखालील मुलांचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच घेऊन जायचा असतो. पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवून, खिडकीच्या उजेडात, वरून फोटो काढणे सर्वांत सोपे. व्हिसाही बाळाचा वेगळा काढावा लागतो.

आता विमानाविषयी. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून जाऊ शकते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे साधारणपणे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्के असते. मोठ्या विमानांत पहिल्या रांगेसमोरच्या भिंतीला लावायचा छोटा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, मागता येतो. त्याला वजनाची मर्यादा असते, तो आधी सांगून ठेवावा लागतो, आणि पट्टा बांधण्याची सूचना झाली की झोपलेल्या बाळालाही त्यातून उचलून घ्यावे लागते. विमान उतरू लागते तेव्हा केबिनमधील हवेचा दाब वाढतो आणि बाळाच्या कानाच्या आतील अरुंद नलिकेतून तो लवकर समतोल होत नाही, म्हणून कान दुखतो. त्या वेळी गिळण्याची क्रिया चालू असली की आराम पडतो. विमान जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधीपासून बाळाला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी, आणि त्यासाठी त्याआधीचे पाजणे थोडे लांबवावे.

मांडीवर बसवण्याच्या पद्धतीबद्दल मला गंभीर शंका आहे आणि ती येथे नोंदवते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे एक विमान कोसळले. त्यात मांडीवर बसवलेली चार मुले होती. आपत्काळासाठी ठरलेल्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायांशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले, आणि त्यांपैकी एक मूल दगावले. त्या विमानातील प्रमुख हवाई परिचारिका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे लहानग्यांनाही स्वतंत्र आसन सक्तीचे करावे अशी मागणी लावून धरली. अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा स्वतंत्र आसनाची जोरदार शिफारस करते, पण सक्ती करत नाही. सक्ती केली तर जास्तीचे तिकीट परवडणार नाही म्हणून अनेक कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा मोठा आहे, असे तिचे म्हणणे. हा युक्तिवाद मला पटतो. तरीही ज्यांना परवडते त्यांनी बाळासाठी आसन घेऊन मान्यताप्राप्त कारसीट बांधावी, असेच मी सांगेन. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान प्रवास लहान ठेवावा. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास आहे आणि वेळेतला फरक अडीच तासांचा, त्यामुळे बाळाची झोप फारशी विस्कटत नाही. याच कारणासाठी आम्ही युरोपचा विचार सोडला.

सिंगापूरचे उन्हाचे आणि घामाचे हवामान बाळाला त्रासदायक ठरू शकते. तिथे डेंग्यूही आहे. त्यामुळे सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बाबागाडीवर मच्छरदाणी आणि वातानुकूलित जागांसाठी एक पातळ दुपटे सतत हाताशी हवे. आम्ही सकाळी लवकर बोटॅनिक गार्डनमध्ये जायचो. ही बाग १८५९ सालापासूनची आहे, २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आहे आणि ऑर्किडचा विभाग सोडला तर तिथे तिकीट नाही. उन्हे चढली की परत खोलीवर, दुपारची झोप, आणि संध्याकाळी पुन्हा एकच ठिकाण. दिवसाला दोनपेक्षा अधिक ठिकाणे ठरवू नयेत. टूर कंपनीच्या बसमागे धावणे बाळाला घेऊन शक्य नाही आणि करूही नये. खाण्याची काळजी मात्र नको: नाचणीचे सत्त्व घरून न्यावे, केळी आणि मऊ भात कुठेही मिळतो, आणि लिटिल इंडियात आपल्याकडची डाळसुद्धा मिळते.

मला सर्वांत जास्त शिकवले ते तिथल्या रस्त्यांनी. प्रत्येक मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे. एप्रिल २०१७ पासून उघडी बाबागाडी न दुमडता बसमध्ये नेता येते. विमानतळावर आणि मॉलमध्ये बाळाला पाजण्यासाठी, कपडे बदलण्यासाठी स्वच्छ खोल्या आहेत, आणि वडील मुलाचे लंगोट बदलत आहेत हे पाहून कोणी वळून बघत नाही. बाबागाडी हॉटेलच्या दारातून निघून बागेपर्यंत एकदाही उचलावी लागत नाही. आमच्या घरापासून जवळची बाग चालत दहा मिनिटांवर आहे. तिथवर बाबागाडी नेताना उंच पदपथ, मधोमध उभे विजेचे खांब आणि लावलेल्या दुचाकी यांमुळे ती पुनःपुन्हा उचलावी लागते, म्हणून ती बाबागाडी बहुतेक वेळ घरातच पडून असते. घराबाहेर न पडण्याबद्दल आपण बाळाच्या नाजूकपणाला दोष देतो, पण त्यातला मोठा वाटा या रस्त्यांचा आहे.

आपल्याकडे याची जाण नाही असे मुळीच नाही. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा सांगतच आपण वाढलो, आणि एसटीच्या बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्षाची योजना आपल्याच राज्यात आली. तोच विचार बागांत, बाजारांत, दवाखान्यांत आणि प्रत्येक मोठ्या दुकानात यायला हवा, आणि तेथे वडिलांनाही बाळाला घेऊन जाता यायला हवे. परत आल्यावर मी आमच्या भागातील क्षेत्रीय कार्यालयात पदपथाच्या उताराविषयी आणि बागेत एका खोलीविषयी लेखी अर्ज दिला आहे. सोसायटीतल्या आजीआजोबांनी त्यावर आनंदाने सह्या केल्या, कारण काठी टेकत चालणाऱ्यांनाही तोच उतार हवा आहे. तुमच्या भागासाठी असा अर्ज करायचा असेल, तर मसुदा मी आनंदाने पाठवीन.