‘मुलीला फिजिक्स कशाला?’ या फिरत्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. खाली ‘एक अनुभवी शिक्षक’ अशी सही असते, नाव नसतं. मजकूर थोडक्यात असा: मुलीला बी.एस्सी. फिजिक्सला घालू नका. तिथून पुढं शिक्षकीशिवाय काही नाही. जे काही आहे ते पुण्या-मुंबईला. मुळात मुलींचं डोकं या विषयाला नसतं, नोबेलची यादी बघा. लग्नानंतर सगळं सुटतंच. आणि आपल्यासारख्या घरातल्या पोरींनी नर्सिंग, डी.फार्म. नाहीतर पोलीस भरती बघावी. ‘आपल्यासारख्या’ म्हणजे कुणासारख्या, हे लिहिलेलं नसतं. सगळ्यांना ते बरोबर कळतं.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. हा मेसेज पुढं पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण ओळखीचे आहेत आणि त्यांच्या मुली माझ्या वर्गात बसलेल्या आहेत. नर्सिंगला किंवा पोलिसातल्या नोकरीला मी कमी लेखत नाही. जिला ते हवंय तिनं खुशाल करावं. पण मुलीला विचारायच्या आधीच उत्तर ठरवून टाकलेलं असतं, तिथं माझं भांडण आहे.

‘शिक्षकीशिवाय काही नाही’

यातलं खरं आधी मान्य करू. नुसत्या बी.एस्सी.च्या कागदावर फारसं काही मिळत नाही. एम.एस्सी. आणि प्राध्यापकीच्या नेट-सेट परीक्षा करूनही कितीतरी मुली कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशांत, वर्षं काढतात. मेसेज लिहिणाऱ्यानं हेच बघितलं असणार, आणि ते खोटं नाही. पण गावाला फिजिक्सचा माणूस दिसतो तो फक्त फळ्यापुढं. बाकीचे बंद दाराआड काम करतात, म्हणून ते हिशोबातच येत नाहीत.

उदाहरण मिरजेचं घेते. औषधोपचारासाठी पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक मिरजेला येतो, त्यात कर्करोगाचे रुग्णही आले. रेडिएशन किती द्यायचं आणि कुठल्या गाठीला, हे डॉक्टर ठरवतात. ते कुठल्या कोनांतून द्यायचं, गाठीला पूर्ण डोस मिळताना शेजारचा मणक्यातला मज्जारज्जू कसा वाचवायचा, याची मांडणी कॉम्प्युटरवर करते ती व्यक्ती डॉक्टर नसते. ती मेडिकल फिजिसिस्ट असते, फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. नेहमीच्या पद्धतीत रोज साधारण २ ग्रे (ग्रे हे डोस मोजायचं एकक), आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे उपचार चालतात. सकाळी पहिला रुग्ण आत यायच्या आधी मशीन खरोखर तेवढाच डोस देतंय का, हे तिनं मोजलेलं असतं.

कोबाल्टचं मशीन असेल तर आणखी एक भानगड. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल, म्हणजे हाफ-लाइफ, ५.२७ वर्षं; तेवढ्या काळात स्रोत निम्मा होतो. म्हणजे स्रोत महिन्याला साधारण एक टक्क्यानं क्षीण होत जातो, आणि तोच डोस द्यायला दर महिन्याला थोडे जास्त सेकंद लागतात. ते सेकंद कुणीतरी काढायचे असतात. चूक झाली तर त्या दिवशी कुणालाच कळत नाही, कारण किरण अंगावर घेताना दुखत नाहीत. हाफ-लाइफचं गणित ऑप्शनला टाकणाऱ्या पोरांना मी हे दरवर्षी सांगते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार अशा व्यक्तीशिवाय रेडिएशनचा विभाग चालवता येत नाही. वाट अशी: एम.एस्सी., मग रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तो १९६२ पासून चालतो), मग एखाद्या सुसज्ज रुग्णालयात वर्षभर इंटर्नशिप. जागा थोड्या आहेत आणि प्रवेश अवघड आहे. पण ‘काही नाही’ म्हणायचं असेल तर आधी हे खोडून दाखवा.

बाकीची नावं भराभर घेते. विमानतळावरच्या एटीसीच्या (विमानांच्या वाहतुकीचं नियंत्रण) भरतीला फिजिक्स आणि गणित घेतलेली बी.एस्सी. चालते. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटला फिजिक्स हा एक विषय असलेली बी.एस्सी. चालते. वजनकाटे आणि पेट्रोल पंपाची मापं तपासणारे वैधमापन निरीक्षक असतात, त्यांच्याही पात्रतेत फिजिक्स हा विषय असलेली विज्ञान पदवी बसते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये भौतिकशास्त्राचा वेगळा विभाग असतो. पेटंट एजंटची परीक्षा कुठल्याही विज्ञान पदवीधराला देता येते.

आणि आपल्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या. ओतकामाच्या आत पोकळी राहिली आहे का, हे तुकडा न फोडता अल्ट्रासाउंडनं किंवा गॅमा किरणांनी बघतात. त्यातला इरिडियम-१९२ चा स्रोत सुमारे ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणजे इथंही तेच हाफ-लाइफ. या कामात बायका कमी दिसतात, त्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. रेडिएशन जवळपासच्या कामगारांना लागू नये म्हणून हे गॅमा किरणांचे शॉट बहुधा रात्री, शेड रिकामी असताना घेतात, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायकांची रात्रपाळी वर्षानुवर्षं बंद ठेवली होती. सूट, बदल पुढं आले, पण तोपर्यंत हे काम पुरुषांचं असं ठरून गेलं होतं.

शाळेत शिकवणं हेही काम आहे, एवढं जाता जाता सांगते. मी तेच करते.

‘सगळं पुण्या-मुंबईला’

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला नाही असं घर पाटण तालुक्यात सापडणं कठीण. धरणात साठलेल्या पाण्यामुळं भूकंप होऊ शकतात का, या प्रश्नासाठी आज जगभरातले भूवैज्ञानिक कोयनेकडं बघतात. त्या अभ्यासासाठी केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे, आणि कोयना भागात ३ किलोमीटर खोल बोअर घेतलेलं आहे. (‘पाणी लागलं का?’ असं एका पालकांनी मला अगदी मनापासून विचारलं होतं.) त्या खोलीवरचं तापमान, खडकावरचा ताण, बारीक कंपनं मोजायची म्हणजे भूभौतिकी, आणि तिकडं जाणारी एक वाट फिजिक्सच्या बी.एस्सी.तून जाते. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालवली. पावसाळ्यात तिथं ढग खिडकीशी येतो, विमान लागत नाही. आपण तिथं स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन परत येतो.

इथं प्रयोगशाळा आहे म्हणून इथल्याच मुलीला नोकरी लागेल असं कुणी समजू नये. भरती देशभरातून होते. पण ‘आपल्याकडं या विषयाचं काही नसतं’ हे खोटं आहे.

चाळकेवाडीचं पठार घ्या. रील काढायला सगळे जातात. पवनचक्की उभी करायच्या आधी त्या जागी वारा महिनोन्‌महिने मोजावा लागतो, कारण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानुसार बदलते: वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट. वेगाचा अंदाज जरासा चुकला तरी सगळा आर्थिक हिशोब कोसळतो. भारतातल्या वाऱ्याच्या अशा मोजण्या गोळा करून त्यांचे आकडे १९८३ मध्ये पुस्तकरूपानं आणणाऱ्यांत अ‍ॅना मणी होत्या. त्यांची कहाणी या मेसेजच्या निम्म्या मुद्द्यांना पुरते. १९१८ चा जन्म, केरळातल्या. बंगळुरात सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं, स्वतःच्या एकटीच्या नावावर शोधनिबंध छापले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध दिला. विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली, कारण काय, तर एम.एस्सी. नाही. मग इंग्लंडला गेल्या. शिकायचं होतं फिजिक्स, पण शिष्यवृत्ती मिळत होती हवामानाच्या उपकरणांची. ती घेतली. १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि परदेशातून आणावी लागणारी उपकरणं इथं बनावीत म्हणून जवळपास शंभर उपकरणांची प्रमाण रेखाटनं तयार करवून घेतली. १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि पुढं वारा नि ऊन मोजणारी उपकरणं बनवण्याचा कारखाना काढला. संशोधक, सरकारी अधिकारी, कारखानदार, सगळं एकाच बाईनं केलं. डॉक्टरेट त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

‘मुलींचं डोकं नसतं, नोबेल बघा’

बघू. फिजिक्सच्या नोबेल मानकऱ्यांत दोनशेहून जास्त नावं आहेत, त्यांत बायका पाच: मेरी क्युरी (१९०३), मारिया गोपर्ट मायर (१९६३), डोना स्ट्रिकलँड (२०१८), आंद्रेआ गेझ (२०२०), अ‍ॅन लुइलिये (२०२३). आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा तपासा. गोपर्ट मायर यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं बिनपगारी काम केलं, कारण नवरा ज्या विद्यापीठात तिथं बायकोला नोकरी द्यायची नाही असा रिवाज होता. पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली १९६० मध्ये, नोबेल त्यानंतर तीन वर्षांत. दोन्ही तारखा शेजारी ठेवून वाचा.

आपल्याकडच्या विभा चौधरी. देबेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या प्लेटा ठेवून विश्वकिरणांतल्या (अवकाशातून येणाऱ्या किरणांतल्या) मेसॉन नावाच्या सूक्ष्म कणांच्या खुणा टिपल्या. युद्धामुळं चांगल्या प्लेटा मिळेनात, काम तिथंच थांबलं. पुढं सरस प्लेटा वापरून त्याच प्रकारच्या कामासाठी सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. विभाताई मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९४९ मध्ये रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ मध्ये वारल्या आणि २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘विभा’ नाव मिळालं. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यांचं नाव ऐकलं नसेल, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

डोकं नसतं म्हणावं तर वर्ग कोण भरतंय? उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांत मुली २९.८ लाख. निम्म्याहून जास्त.

‘लग्नानंतर सुटतंच’

मेसेजमधला सगळ्यात मजबूत मुद्दा हा. सुटतं, मी बघितलंय. हुशार पोरी, प्रॅक्टिकलला हात चालणाऱ्या, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असताना स्थळ येतं आणि परीक्षा ‘नंतर’वर जाते. पण सुटण्याचं कारण विषयात नसतं. नर्सिंगवालीचीही नोकरी सासरच्या गावावर अवलंबून असते, तेव्हा कुणी म्हणत नाही की नर्सिंग घेऊ नका.

जोसेलिन बेल बर्नेल यांनी १९६७ मध्ये, पीएच.डी. करत असताना, पल्सार हा नव्याच प्रकारचा तारा टिपला. १९७४ चं नोबेल त्यांच्या गाईडला मिळालं. लग्नानंतर नवऱ्याची बदली होईल तिकडं त्या गेल्या. मूल लहान असताना कितीतरी वर्षं अर्धवेळ काम केलं. प्रत्येक गावी मिळेल ते: कुठं गॅमा किरण, कुठं क्ष-किरण, कुठं इन्फ्रारेड. विषयाची फांदी बदलत राहिली, विषय सुटला नाही. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. ते सगळं त्यांनी फिजिक्समध्ये पीएच.डी. करू पाहणाऱ्या बायका, वांशिक अल्पसंख्याक आणि निर्वासित विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिलं.

आपल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्याही मध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी योजना आहेत. त्यातल्या एकीत पेटंटच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण विद्यावेतनासह मिळतं, आणि ते काम पुढं घरून करता येतं. सांगलीत बसूनही.

‘आपल्यासारख्या घरातल्या’

मेघनाद साहा खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. जातीमुळं कलकत्त्याच्या हॉस्टेलात इतर मुलं त्यांना पंगतीला बसू देत नव्हती. ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषांचा त्याच्या तापमानाशी मेळ घालायला १९२० मध्ये त्यांनी मांडलेलं समीकरण आजही वापरतात. पुढं ते लोकसभेवर निवडून गेले. सरकारी राजपत्रावर छापलेला राष्ट्रीय शक दिसतो ना, तो ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. अब्दुल कलाम यांच्या वडिलांची होडी सगळ्यांना माहीत असते. त्यांची पहिली पदवी बी.एस्सी. फिजिक्स होती, हे फार कुणाला माहीत नसतं.

आणि हे आपण साताऱ्यात बोलतोय. साहांना पंगतीतून उठवल्याला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा १९२४ मध्ये भाऊराव पाटलांच्या इथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत होती. याच ग्रुपांवर ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो फिरतो, त्यांचं नायगावही याच जिल्ह्यातलं. पाठवणारे तेच.

पैशाची अडचण खरी आहे. बार्टी, महाज्योती, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपा आहेत, पण त्या पीएच.डी.च्या पायरीवर, तिथवर पोचायचा खर्च घरालाच करावा लागतो. अल्पसंख्याक मुलामुलींसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्रानं २०२२-२३ पासून बंद केली. ते चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आपल्यासारख्यांनी’ जाऊ नये म्हणणाऱ्यांनी कधी अशा गोष्टींवरही मेसेज लिहावा.

आता प्रवेश सुरू आहेत म्हणून एक कामाचं. मेजर (मुख्य विषय) फिजिक्स घेतलं तर मायनरला (जोडविषयाला) गणित मिळतंय का, ते विचारा. वर एटीसीचं सांगितलं तिथं दोन्ही विषय लागतात, आणि नुसतं सोपं पडतं म्हणून गणित सोडलेल्या मुलींचा फॉर्म तिथंच अडतो. प्रॅक्टिकलच्या बॅचा वेळेवर होतात का, लॅबमध्ये मुलींना उपकरणाला हात लावू देतात की वही लिहायला बसवतात, हेही विचारा. विचारायला मुलीलाच आत पाठवा. बाबा बाहेर चहा घेत थांबले तरी चालेल.