गिळायचं नसतं, पप्पा

आमच्या तीन पिढ्या द्राक्षात गेल्या. आजोबांनी तासगावाजवळ पहिली बाग लावली, वडिलांनी ती कर्जासकट वाढवली आणि मी त्यातलं कर्ज तेवढं नीट सांभाळलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डावणी, भुरी, अवकाळी, बेदाण्याचे सौदे, यांतलं काहीही मला झोपेतून उठवून विचारा. पण वाइन तोंडात धरून तिच्याबद्दल चारचौघांत दोन वाक्यं बोलायची पाळी येईल, हे माझ्या पत्रिकेत कुणी सांगितलं नव्हतं.

लेक फ्रान्समध्ये दिजाँला शिकते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. चर्च बघून झाली, मोहरीची चटणी खाऊन झाली, तेव्हा एका सकाळी "पप्पा, आज तुमच्या आवडीचं" म्हणत तिनं आम्हाला बोनच्या गाडीत बसवलं. तिथून पाच-सात किलोमीटरवर मर्सो. बरगंडीतलं पांढऱ्या वाइनचं नावाजलेलं गाव. मैत्रिणीच्या ओळखीनं एका बागायतदाराची वेळ घेतलेली. घरचीच बाग, घरचंच तळघर, विकायलाही घरचीच माणसं. बायकोची त्या दिवशी संकष्टी होती. "द्राक्षं उपासाला चालतात," असं मी तिला रेल्वेत सांगून पाहिलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

बाग बघून मात्र माझा जीव कळवळला. वेली कमरेएवढ्या! आमच्याकडं मांडवाखाली माणूस ताठ उभा राहून घड हाताळतो. इथं मीटर-मीटरवर एक वेल, हेक्टरी दहा हजार, आणि घडापर्यंत पोचायचं तर पाठीचा काटा मोडायचा. ठिबकची नळी कुठं दिसेना. त्यात मालक म्हणाले, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माल काढायला नियमानं बंदी आहे. मला वाटलं, लेकीची भाषांतरात चूक झाली. "नीट विचार, कमी काढायला बंदी असेल." तिनं पुन्हा विचारलं. जास्तच. आमच्याकडं हे खातं गारपीट सांभाळते.

मालक माझ्याच वयाचे, बोलायला तुटक. मी मान खाली घालून उभा होतो म्हणून त्यांच्या बुटांकडं लक्ष गेलं. चामड्यावर निळसर पांढरे शिंतोडे. मी बोट दाखवून म्हणालो, "बोर्डो?" त्यांचे डोळे चमकले. "बोर्डो!" मोरचूद आणि चुना, दोन देश, एकच डाग. हे औषधही तिकडचंच. बोर्डो शहराजवळच्या बागायतदारांनी रस्त्याकडच्या वेलींची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना मोरचूद-चुना फासला होता. नेमक्या त्याच वेली डावणी रोगातून वाचल्या, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकानं हेरलं आणि १८८५ साली जगाला सांगितलं. मी मोबाइलवर आमच्या फवारणीच्या ब्लोअरचा फोटो दाखवला, त्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरचा. मग जमिनीचं निघालं. नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा, त्यामुळं यांच्या एका ठिकाणी वेलींच्या चार ओळी, दुसरीकडं सहा. जवळच क्लो द वुजो म्हणून भिंतीनं वेढलेली पन्नास हेक्टरची बाग आहे, तिचे मालक ऐंशीच्या घरात. सातबाऱ्याचा उतारा किती पानांचा निघत असेल! भाऊबंदकीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते विचारायचं राहिलं, पण त्यांनी भावाच्या ओळींकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला ओळखीची होती.

इथंच चहा होऊन निरोप झाला असता तर मी फ्रान्स जिंकून आलो असतो.

तळघरात उतरलो. खाली गारवा, भिंतींवर काळी बुरशी आणि आडवी ओक लाकडाची पिंपं. एका पिंपात २२८ लिटर, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या. कारागीर पिंपाच्या फळ्या विस्तवावर वाकवतात, तेव्हा लाकूड आतून भाजतं आणि तो भाजका वास पुढं वाइनला लागतो. लाकूड त्राँसेच्या जंगलातलं. सतराव्या शतकात कोलबेर नावाच्या मंत्र्यानं आरमारासाठी जोपासलेलं. जहाजं गेली, पिंपं राहिली. पिंपाच्या तळाशी यीस्टचा साका बसतो, तो वाकड्या टोकाच्या काठीनं अधूनमधून ढवळायचा. बायको माझ्या कानाशी लागली, "रवीच की हो." मग म्हणे जिवाणू आपलं काम करतात आणि कच्च्या सफरचंदातलं आंबट आम्ल दह्यातल्या आम्लात बदलतं. "विरजण," बायको म्हणाली. मी तिला गप्प बसायची खूण केली. मोठी माणसं बोलत होती.

मालकांनी काचेच्या नळीनं पिंपातून वाइन ओढली आणि माझ्या ग्लासात दोन बोटं सोडली. मी गिळली.

"गिळायचं नसतं, पप्पा."

"मग काय करायचं?"

"तोंडात फिरवायची आणि थुंकायची." तिनं कोपऱ्यातली बादली दाखवली.

आता बघा. 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत मी मोठा झालो. तंबाखू सोडल्याला अकरा वर्षं झाली, ती सोडताना मी आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती. आणि इथं एक सभ्य माणूस आपल्या घरात, आपल्या कष्टाच्या मालावर मला थुंका म्हणून आग्रह करत होता! मला जमलं नाही. प्रत्येक वेळी त्यांनी पिंप बदललं आणि प्रत्येक वेळी मी इमानदारीत गिळलं.

त्यातही गिळणं सोपं होतं. गिळल्यावर मालक माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. काहीतरी बोलायचं असतं म्हणे. पहिल्या ग्लासाला मी "छान" म्हणालो. लेकीनं भाषांतर केलं, ते तरीही वाट बघतच होते. दुसऱ्या ग्लासाला म्हणालो, "गोड नाही." हे तिनं भाषांतरच केलं नाही. तिसऱ्याला मी धीर करून विचारलं, "तोडणीला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती होतं?" हा प्रश्न त्यांना आवडला, पण उत्तर झाल्यावर पुन्हा तीच नजर. आम्ही द्राक्षाला काय म्हणतो? कडक, मऊ, साखर भरली, मणी तडकले, माल चालतो, माल चालत नाही. व्यापाऱ्यासमोर तर आपल्या मालाबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. चौथ्या ग्लासाला मी डोळे मिटून खूप वेळ मान हलवली, गाण्याच्या मैफलीत हलवतो तशी. त्यावर दोन मिनिटं निभावली. पाचव्यापर्यंत तळघर थोडं मोठं झालं होतं आणि मला मालकांच्या भावाबद्दल बोलावंसं वाटू लागलं होतं.

लेकीनं माझ्या हातातला ग्लास काढून आईकडं दिला. बायकोनं तो लांब धरला. उपास होता, ओठाला लावायचा प्रश्न नव्हता. पण जिला तीस वर्षं दूध नासलं की नाही हे नाकानं ठरवायची सवय, तिनं सवयीनं ग्लास नाकाशी नेला.

"अगं, याला बेरीचा वास येतोय."

"कसली बेरी?" लेक म्हणाली. तिला स्ट्रॉबेरी वाटली.

"लोणी कढवल्यावर खाली राहते ती बेरी! तूप उतरवायला जरा उशीर झाला की तांबूस होते, तिचा. घे, बघ."

लेकीनं हुंगलं आणि एकदम मालकांकडं वळून काहीतरी म्हणाली. त्यात 'बर नोआझेत' एवढं मला ऐकू आलं. कढवून तांबूस केलेल्या लोण्याला त्यांच्याकडं तसं म्हणतात. मालकांनी दोन्ही हात वर केले. जिन्याशी जाऊन त्यांनी त्यांच्या बायकोला हाक मारली. त्या पदराला हात पुसत, म्हणजे एप्रनला हात पुसत खाली आल्या आणि त्यांनी आमच्या बायकोच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग तिघी बायका तूप या विषयावर वीस मिनिटं बोलल्या. मी बादलीजवळ उभा होतो.

निघताना एक बाटली घेतलीच. किंमत मी बायकोला अजून सांगितलेली नाही, बेदाण्यात दोन बॉक्स धरा. माणशी दोन लिटरपर्यंत आणायला कस्टमची हरकत नसते, हरकत आमच्या आईची होती. ती माळकरी. त्यामुळं बाटली तिच्या साडीत गुंडाळून आली, तिला न कळता, आणि उन्हाळ्यात तापेल म्हणून बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये आमच्या लॉटमागं उभी आहे. पावतीवर 'बेदाणा, १ बॉक्स' असं लिहिलंय. घरात बूच काढायचा स्क्रूही नाही.

परवा बायकोनं लोणी कढवलं. बेरी खरवडून, वर साखर पेरून वाटी माझ्यापुढं ठेवली. मी चमचा उचलला तर तिनं हात धरला.

"आधी वास घ्या," म्हणाली. "गिळायची घाई करू नका."