सगळ्याच पोर्टला एक नियम नको

पोर्ट या पोर्तुगालच्या गोड, कडक वाइनवरच्या लेखातलं ‘उघडलेली पोर्ट महिनाभर टिकते’ हे सरसकट विधान पटलं नाही. लाकडी पिंपात 20 वर्षं मुरलेल्या टॉनी प्रकारच्या पोर्टचं ठीक आहे, तिने हवा आधीच भरपूर खाल्लेली असते. व्हिंटेज पोर्ट (एकाच, खास चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची) मात्र दोनेक वर्षांतच पिंपातून बाटलीत जाते आणि पुढे कित्येक दशकं बूचबंद मुरते. तिला हवेची सवय नसते, म्हणून उघडल्यावर ती एक-दोन दिवसांतच संपवावी. (गोव्यातल्या स्वस्त, गोड ‘पोर्ट’चा इथे संबंध नाही.)

आम्ही मित्रांनी 1994ची व्हिंटेज पोर्ट फोडली होती. आदल्या दिवशी उभी ठेवली, मलमलीतून गाळली, तळाचा काळपट गाळ बाटलीतच सोडला. पहिल्या रात्री सुक्या अंजिराचा काय वास होता! उरलेली चार दिवसांनी चाखली तर नुसतं गोडमिट्ट पाणी. एवढी महाग बाटली दोघांत उघडूच नका, पाच-सहा जण बोलवा.