माझ्या खांबाला हात लावायला कोणी सांगितलं होतं?

कोणी सांगितलं होतं छपरावरच्या खांबावरचा, टॉवरवरून हवेतून नेट पकडणारा तो मोडेम फिरवायला? मी तक्रार काय केली होती, तर मोठी सर आली की लाईन तुटते आणि पाच-दहा मिनिटांनी परत येते. बस, एवढंच. दिशा चुकलीय असं म्हटलं नव्हतं, स्पीड कमी आहे असंही म्हटलं नव्हतं. आणि काल, २० जुलैला, जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, थ्रीबी, भरायच्या शेवटच्या दिवशी, कंपनीचा माणूस येऊन माझा चांगला चालणारा मोडेम डोंगराकडे तोंड करून ठेवून गेला. डोंगराकडे! समोर जांभ्याचा कडा, त्याच्यावर काजूचं रान, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी तो नवीन टॉवर, जो आमच्या वाडीतून आजवर कोणाला दिसलेला नाही.

आल्या आल्या त्याने काम बरोबर केलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. शिडी लावून वर गेला, मोडेमच्या खालची वायर काढली, तर कनेक्टर अख्खा हिरवा. आतल्या पितळी पिना बुरशी धरल्यासारख्या, त्यातून पाण्याचा थेंब ओघळला. मीच खाली बॅटरी धरून उभी होते, मला दिसलं ते. पहिल्यांदा बसवताना वायरला खाली वळण न देता सरळ वरून आत घातलेली, मग पागोळीचं पाणी वायरीवरून घरंगळत थेट पोर्टात जाणारच ना. त्याने तेवढा तुकडा कापला, नवीन कनेक्टर क्रिंप केला, टेप गुंडाळली, वळण दिलं. दहा मिनिटं. झालं काम! रोग सापडला, औषध झालं, आता घरी जा बाबा, चहा घे आणि जा.

नाही. त्याच्या मोबाईलमधलं ॲप म्हणे तक्रारीचं तिकीट बंद करू देईना. ॲप म्हणे तुमच्या लोकेशनला जवळचा टॉवर २.८ किलोमीटरवर आहे आणि मोडेम साडेसहा किलोमीटरवरच्या टॉवरला लागलाय, तो आधी जवळच्याला लावा. मी म्हटलं, "दादा, जवळचा आहे पण मध्ये डोंगर आहे. हा लांबचा खिंडीतून समोर दिसतो, रात्री त्याचा लाल दिवा दिसतो इथून." तो म्हणे, "ताई, मला पण दिसतंय हो, पण फोटो आणि हिरवी टिक गेल्याशिवाय माझी व्हिजिट धरत नाहीत." त्याला व्हिजिटमागे पैसे मिळतात. त्याला चार वाड्या अजून करायच्या होत्या, तेही पावसात, स्वतःच्या बाईकवर. त्याच्यावर माझा राग नाही. ज्याने ते ॲप बनवलं आणि ज्याने तो नियम केला त्याच्यावर आहे, आणि तो माणूस लांज्याच्या पुढे चौदा किलोमीटर आत कधी आलेला नसणार याची मला खात्री आहे.

फिरवला. माझ्या डोळ्यांदेखत. क्लॅम्पवर मी लाल ऑइलपेंटने खूण केली होती, ती पार मागे गेली. आधी -९६ होता आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली), आता -११४. त्याच्याच स्क्रीनवर मी बोट ठेवून दाखवलं, हे बघा, हा अठरा डीबीचा फरक आहे, म्हणजे सिग्नल साठेक पटीने पडलाय. एसआयएनआर, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, बारावरून एकवर. तर ॲपमध्ये खाली काय, "सिग्नल गुड", हिरवी टिक. का, तर -११५ च्या वर असलं की त्यांच्या हिशोबात पास. मग त्याने तक्रार बंद करायचा ओटीपी मागितला आणि मी दिला नाही. अर्धा तास उभे होतो दोघं पडवीत. शेवटी त्याने कोणालातरी फोन केला, तिकडूनच काहीतरी झालं आणि माझ्या मोबाईलवर मेसेज, "आपली तक्रार निवारण झाली आहे". ओटीपी न देता! मग तो ओटीपी असतो कशासाठी?

जाताना मोडेम रिसेट मारून गेला, त्यामुळे मी लावलेला बँड लॉक (एकाच फ्रिक्वेन्सीवर मोडेम धरून ठेवायची सेटिंग) गेला, आणि नवीन फर्मवेअरमध्ये ते सेटिंगचं पेजच उघडत नाही. म्हणजे माझ्या छपरावर, माझ्या पैशाच्या जीआय पाइपवर, माझ्या लाईटवर चालणारा डबा, आणि त्याचा आकडा बघायचा अधिकार मला नाही.

तो खांब कसा उभा राहिलाय ते या लोकांना माहीत आहे का? दोन वर्षांपूर्वी दोन रविवार घातले आम्ही. वीस फुटी पाइप, तिन्ही बाजूंना ताण, चिऱ्याच्या भिंतीत होल मारून पट्ट्या. गणूदादा वर कौलांवर, मी खाली पडवीत लॅपटॉप घेऊन, तो पाइप बोटभर फिरवणार, मी आकडा ओरडून सांगणार. -१०८. -१०५. "अजून जरा खालच्या वाडीकडे!" -१०१. "थांब, परत ये!" बोटभर इकडे तिकडे झालं तर तीन डीबी जायचे, तीन डीबी म्हणजे निम्मा सिग्नल. असं करत करत संध्याकाळी -९६ वर आणला आणि तिथे लाल खूण केली. रेंजच्या काठावरच्या वाडीत राहणाऱ्यांना मी काय बोलतेय ते कळेल. आम्हाला सिग्नल फुकट मिळत नाही, एकेक डीबी वेचावा लागतो. तो आमच्या घामाचा आकडा होता.

आणि बँडचं काय? तो लांबचा टॉवर ७०० मेगाहर्ट्झवर मिळत होता. ७०० लांब पोचतो, झाडीतून वाट काढतो. हा जवळचा ३३०० वाला, समोरासमोर असेल तर दणकून चालेल, पण मध्ये डोंगर आणि पावसात भिजलेलं रान आलं की संपला. हाच ७०० चा बँड २०१६ आणि २०२१ च्या लिलावात महाग म्हणून कोणी घेतला नाही, २०२२ मध्ये पहिल्यांदा विकला गेला, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना काहीतरी पोचलं. इतक्या वर्षांनी आमच्या वाट्याला आलेली ती एक गोष्ट, आणि त्यावरून मला उतरवून म्हणता जवळचा टॉवर चांगला!

मग कॉल सेंटर. सदतीस मिनिटं होल्ड. ते एकच म्युझिक, मध्येच "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है". मराठीसाठी दोन दाबा म्हणतात, दोन दाबलं तरी हिंदीच. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, टॉवर, डोंगर, आकडे. पलीकडून, "मॅडम, मोडेम को खिडकी के पास रखिए." खिडकीजवळ! अहो आउटडोअर मोडेम आहे तो, वीस फूट वर खांबावर आहे, तुमच्या सिस्टीममध्ये लिहिलेलं आहे तसं! परत, "मॅडम, एक बार ऑफ करके ऑन कर दीजिए." केलं. "दस मिनट वेट कीजिए." फोन कट. परत लावला, परत पहिल्यापासून सगळी कथा, दुसरी व्यक्ती, परत खिडकी. तिसऱ्यांदा मला रडू आलं, खरंच आलं, कारण घड्याळात साडेचार झाले होते आणि माझे आठ रिटर्न बाकी होते.

जीएसटीची कामं करते मी. काजू फॅक्टरीवाले, दोन चिरेखाणवाले, एक हार्डवेअर, एक गाळपवाले, अशी तेवीस जणं. हे लोक शिकलेले नाहीत असं नाही, पण पोर्टल त्यांना जमत नाही म्हणून माझ्याकडे येतात आणि माझ्यावर विश्वास टाकून निवांत असतात. नवीन दिशेला डाउनलोड रांगत तरी येत होतं, एक-दीड एमबीपीएस, पण अपलोड मेलेलं. टॉवरचा आवाज मोठा असतो, तो कसाबसा ऐकू येतो, आपल्या डब्याची ताकद छोटी, त्याचं बोलणं तिकडे पोचतच नाही. त्यामुळे लॉगिन व्हायचं, पान अर्धं यायचं, आकडे भरायचे आणि सबमिट दाबलं की गोल गोल, गोल गोल, सेशन एक्स्पायर. काजूवाल्या काकांना मी चार वेळा फोन केला ओटीपीसाठी, चारही वेळा त्यांनी चष्मा शोधून, सावकाश वाचून सांगितला, आणि चारही वेळा माझ्याकडून तो जाईपर्यंत मेला. पाचव्या वेळी मला त्यांना फोन करायची लाज वाटली.

शेवटी भावाच्या रिक्षातून लांज्याला गेले, भर पावसात, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत. एका ओळखीच्या दुकानात फायबर आहे, त्यांनी शटर अर्धं उघडं ठेवलं माझ्यासाठी. पाच भरले. तीन राहिले, कारण त्यांचे ओटीपी ज्यांच्या मोबाईलवर जातात त्यांचे मोबाईल रात्री लागले नाहीत, त्यांच्याकडेही रेंज नाही. तीन जणांना आता दिवसाला पन्नास रुपये लेट फी आणि वर अठरा टक्क्यांनी व्याज. पैसे मी भरेन माझ्या खिशातून. पण चिरेखाणवाला मला म्हणाला, "ताई, तुमच्याकडनं असं होईलसं वाटलं नव्हतं." ते कोण भरून देणार?

आणि आता निघालंच आहे तर सगळंच काढते. कनेक्शन विकायला आलेला मुलगा म्हणाला होता शंभर एमबीपीएसपर्यंत. ते "पर्यंत" मला फसवून गेलं. सगळं नीट असताना पंचवीस-तीस मिळायचे, आणि मी त्याच्यावर खूश होते, कधी तक्रार केली नाही. कंपनीच्या कव्हरेजच्या नकाशात आमची अख्खी वाडी गडद रंगात आहे, रत्नागिरी शहराचा जो रंग तोच आमचा. डोंगराच्या पोटातली चार घरं, जिथे फोनवर बोलायला विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागतं, तीही त्याच रंगात! २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणायचं तर कमीत कमी दोन एमबीपीएस लागतं असा सरकारचा नियम आहे, त्याआधी तर ५१२ केबीपीएस पुरायचं. म्हणजे काल मला जे मिळालं ते त्या नियमात ब्रॉडबँडसुद्धा नाही, पण बिल ब्रॉडबँडचं येणार.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना २०११ ला मंजूर झाली. आमच्या पंचायतीत तो डबा आहे भिंतीवर, त्याचा दिवा लागलेला मी फारच थोड्या वेळा बघितलाय. पंचायतीपासून आमच्या वाडीपर्यंत ती वायर येणार, येणार असं ऐकत माझी भाची बारावी झाली.

लाईट गेली की टॉवरची बॅटरी दोन-तीन तासांत झोपते, घरात इन्व्हर्टर असून काय उपयोग. गेल्या ऑक्टोबरला वीज पडली गडग्याजवळ, तर पीओईचा (केबलमधूनच मोडेमला वीज देणारा) अडॅप्टर आणि राउटरचा पोर्ट दोन्ही जळले, कारण बसवताना अर्थिंग दिलंच नव्हतं. "साधारण देत नाही आम्ही" म्हणाले. कोकणात! अर्थिंग साधारण देत नाही! अर्थिंगचा खड्डा मग आम्हीच खणला, मीठ-कोळसा घालून. गणपतीत चाकरमानी आले की आठ दिवस रात्री अकरानंतरच काम, ती माझी माणसं आहेत, त्यांच्यावर रुसवा नाही, पण दरवर्षी गणपती येतात हे कंपनीला माहीत नसतं का? आणि पुण्यातल्या मैत्रिणी, "काय मस्त गं, कोकणात बसून काम करतेस." हे वाक्य मला पुन्हा कोणी ऐकवू नका. खरंच नका.

माझं म्हणणं एकच आहे. माझ्या खांबावरचा आकडा बघा. तुमच्या नकाशातला रंग बघू नका, पिनकोड बघू नका, टॉवर किती किलोमीटरवर आहे ते बघू नका. डोंगर नकाशावर चपटा असतो, इथे तो उभा आहे. जो माणूस छपरावर चढलाय त्याच्या हातात आकडा असतो, तो आणि जिचं घर आहे ती, अशा दोघांना ठरवू द्या कुठे तोंड करायचं. त्या पोराला सगळं कळत होतं हो! त्याला ॲपने गप्प केलं.

बंद केलेली तक्रार मी पुन्हा उघडलीय, आणि सोबत अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे कंपनीच्याच वरच्या अपील अधिकाऱ्याकडे, अपील टाकलंय, आधीचे आणि नंतरचे फोटो जोडून, लाल खुणेसकट. हे सगळं वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, भावाच्या रिक्षात बसून मोबाईलवर टाइप करतेय कारण इथे दोन काड्या मिळतात. आत्ताच त्यांचा मेसेज आला, ४८ तासांत माणूस येईल. उद्या २२ आहे, तिमाहीवाल्यांची शेवटची तारीख, माझे सहा जण त्यात आहेत. ४८ तास माझ्याकडे नाहीत. गणूदादाला सांगून ठेवलंय, पहाटे पाऊस जरा थांबला की शिडी लावायची, खूण परत खुणेवर आणायची. पेज उघडत नाही तर मी आकडा ओरडून सांगू शकणार नाही, तेव्हा स्पीड टेस्ट लावून बसेन पडवीत. आणि ४८ तासांनी जो कोणी येईल त्याला चहा मिळेल, पण शिडी मिळणार नाही.