मावशीच्या कुंडीतली ‘शतावरी’

परवा नाशिकहून मावशीचा फोन. “अगं, शतावरीला लाल लाल फळं धरलीत. नातवाला दिली तर चालतील ना?” फोटो मागवला. लोंबत्या कुंडीत अ‍ॅस्परॅगस फर्न, नर्सरीवाले ज्याला स्प्रेंगेरी म्हणतात ते! शतावरी समजून हे घरी आलं कसं? अर्थात फॉरवर्ड.

त्यात म्हटलंय : परदेशात महाग विकली जाणारी अ‍ॅस्परॅगसची भाजी म्हणजे आपली शतावरीच, आणि नर्सरीत शोभेची म्हणून मिळते तीही तीच. कुंडीत लावा, मूठभर मीठ घाला, ६० दिवसांत भाजी काढा. पान, फळ, मूळ, सगळं औषधी. खाली हात जोडलेले इमोजी.

आधी फळांचं बोलते. बाकी काही चुकलं तर फार तर कुंडी वाया जाईल.

या तिघांचं आडनाव तेवढं एक, अ‍ॅस्परॅगस. भाजीचा तो ऑफिसिनॅलिस, आपली शतावरी ती रेसिमोसस, आणि मावशीकडे लोंबतेय ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. आडनाव जुळलं म्हणून कुणाच्याही पंगतीला बसतो का आपण? अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत हे फर्न कुत्र्या-मांजरांना विषारी म्हणून नोंदवलंय. फळं खाल्ली तर उलट्या, पोटदुखी, जुलाब. झाड अंगाला वारंवार घासलं तर त्वचेवर अ‍ॅलर्जी. “ते कुत्र्यांचं झालं,” मावशी म्हणाली. बरं, मग कुत्र्याला सोसत नाही ते चार वर्षांच्या पोराला द्यायचं? भाजीच्या अस्सल अ‍ॅस्परॅगसचीही लाल फळं खात नाहीत. खायचा तो कोवळा कोंब. मूळ औषधी म्हणतात ते शतावरीचं. पण स्प्रेंगेरीच्या मुळांनाही गाठी असतात. उद्या कुणी त्या उकरून, दुधात उकळून बाळंतिणीपुढे ठेवल्या तर? मला खरी धास्ती त्याची.

शतावरीचे कोवळे कोंब पावसाळ्यात रानभाजी म्हणून खातात, तेवढं खरं.

आता ६० दिवस. भाजीच्या अ‍ॅस्परॅगसचं बी पेरलं तर धड काढणी तिसऱ्या वर्षी! कोंब येतो तो मुळाशी साठलेल्या अन्नावर. पहिली दोन वर्षं कोंब वाढू द्यायचे, त्यांचा पिसारा होऊ द्यायचा, म्हणजे तो साठा भरतो. दोन महिन्यांत कापत सुटलात तर झाड उपाशी मरेल. नीट जपलं तर मात्र तेच झाड पंधरा-वीस वर्षं भाजी देतं. आपल्याकडे येतच नाही, असंही नाही. त्याला वर्षातून एकदा विश्रांती लागते, ती थंड मुलखात हिवाळा देतो. पेरू देशाच्या किनारी वाळवंटात थंडी नाही, तर तिथले शेतकरी पाणी तोडून झाडाला झोपवतात. गच्चीवरही ते जमवता येईल. खोल कुंडी हवी, आणि पावसाळ्यात तळाशी पाणी साचता कामा नये, मुळं कुजतात.

मिठात एक कण खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. अ‍ॅस्परॅगसला खारेपणा बराच सोसतो, म्हणून पूर्वी तण मारायला वाफ्यात मीठ टाकत. म्हणजे मीठ इतरांना मारण्यासाठी, याला वाढवण्यासाठी नव्हे. कुंडीत ते घालून माती नासते, बाकी काही होत नाही.

मावशीने फळं कात्रीने काढून टाकली, कुंडी नातवाचा हात पोचणार नाही अशा उंच हुकाला टांगली. मीठ मात्र तिने आधीच घातलं होतं, फर्नलाही आणि शेजारच्या कढीपत्त्यालाही. दोन्हींची माती रविवारी बदलायची आहे.